अब्बांची फियाट, नातवंडांचा जीव

जवळा बाजारला आमच्या अंगणात अब्बांची १९७० सालची फियाट आहे. ईदला नातवंडे तीत बसायला धावतात. पण तिला सीटबेल्ट नव्हते. नव्या गाड्यांना पुढच्या सीटवर ते सक्तीचे झाले १९९४मध्ये. अब्बांची गाडी बदलेल, म्हणून आम्ही टाळत राहिलो. पण केंद्राच्या २०२१च्या विंटेज नियमांतही अस्सलपणा पाहतात तो चासी, बॉडी आणि इंजिनाचा. शेवटी मागेपुढे बेल्ट लावले. बोल्ट नुसत्या पत्र्यात कसू नये, झटक्याने पत्रा फाटतो. खालून जाड लोखंडी प्लेट द्यावी. मागच्या काचेआड तिसरा ब्रेकलाइट बसवला. जुना एकही भाग काढला नाही. गाडी अब्बांची अमानत, नातवंडे अल्लाहची.