गाडी टेक्ससची, टायटल न्यूयॉर्कचं

अमेरिकेत नोकरी बदलली की पुष्कळदा राज्यही बदलतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनो भागात बिऱ्हाड हलवलेली मराठी कुटुंबं आता शोधावी लागत नाहीत. फर्निचर मोडीत निघतं, गाडी मात्र सोबत येते. घर लागतं, मुलांच्या शाळा ठरतात आणि टेक्ससची नंबरप्लेट घ्यायला गेल्यावर काउंटरवर पहिलाच प्रश्न येतो : टायटल आणलंय का? घरी येऊन सगळ्या फायली उपसल्या तरी तो कागद सापडत नाही.

आपल्याकडे आरसी या एकाच कागदावर सगळं भागतं. अमेरिकेत कागद दोन. रजिस्ट्रेशन हा गाडी रस्त्यावर चालवायचा परवाना. तो ठरावीक मुदतीने नवा करायचा आणि गाडीत ठेवायचा. टायटल हा मालकीचा दाखला. त्यावर मालकाचं नाव, कर्ज असेल तर बँकेचा बोजा आणि गाडीचा 17 अक्षर-अंकी ‘व्हिन’ क्रमांक असतो. वीजबिल दर महिन्याला हाताळलं जातं, खरेदीखत वर्षानुवर्षं कपाटात पडून असतं. टायटलचंही तसंच होतं. रोज लागत नाही, म्हणून हरवल्याचं लवकर कळत नाही.

आता प्रत मागायची कुठे? बहुतेकांची पहिली धाव नव्या राज्याच्या कार्यालयाकडे असते, आणि ती वाया जाते. अमेरिकेत सगळ्या देशासाठी एकच आरटीओ नाही. टायटल देणं हा राज्याचा अधिकार, आणि हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं तेही ज्याचं त्याने ठरवलेलं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात ‘डीएमव्ही’ म्हणजे मोटार वाहन विभाग आहे. इलिनॉयमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेट बघतात, टेक्ससमध्ये लोक काउंटीच्या कर कार्यालयात जातात, ओहायोत तर काउंटीच्या कोर्टाचा क्लर्क टायटल देतो. तेव्हा ज्या राज्याने टायटल दिलं, त्याचीच नोंद आणि त्याचीच प्रत. टेक्ससचा कारकून कितीही भला असला तरी न्यूयॉर्कच्या टायटलची प्रत तो काढून देऊ शकत नाही. नवं राज्य जुनं टायटल जमा करून घेतं आणि मगच आपलं देतं. जमा करायला कागदच नसेल तर आधी जुन्या राज्याकडून प्रत मागवावी लागते.

न्यूयॉर्कपुरतं बोलायचं तर अर्जाचं नाव एमव्ही-902 आणि शुल्क 20 डॉलर. अर्ज टपालानेही करता येतो, त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. मेख पत्त्यात आहे. प्रत येते ती डीएमव्हीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर, आणि तिथे अजून क्वीन्सचंच घर असतं. म्हणून आधी पत्ता बदलून घ्यायचा, मग प्रत मागायची. पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत कळवावं असा तिथला नियमच आहे. घर हलवण्याच्या धांदलीत तोच नेमका राहून जातो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना मात्र इथे सूट आहे : 1972 किंवा त्याआधीच्या मॉडेलला न्यूयॉर्क टायटल देतच नाही, रजिस्ट्रेशनच मालकीचा पुरावा धरलं जातं.

प्रत हाती आली की टेक्ससचा भाग सोपा. स्थायिक झाल्यापासून 30 दिवसांत गाडी नोंदवायची. टेक्ससमध्ये चालणारा विमा, ओळखपत्र आणि 130-यू हा अर्ज घेऊन काउंटीच्या कर कार्यालयात जायचं. आधीपासून आपल्या नावावर असलेल्या गाडीवर नव्या रहिवाशाला विक्रीकराऐवजी 90 डॉलरचा ठोक कर लागतो. खासगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी 2025 पासून बंद झाली असली तरी डॅलस परिसरात धुराची तपासणी अजून आहे. आणि न्यूयॉर्कच्या जुन्या प्लेट परत केल्याशिवाय तिथला विमा बंद करू नये. तसं केलं तर लायसन्स निलंबित होऊ शकतं. प्लेट टपालानेही परत पाठवता येतात.

कर्ज असलं की गुंता वाढतो. बहुतेक राज्यांत कर्ज फिटेपर्यंत टायटल बँकेकडे राहतं. न्यूयॉर्क मात्र बोजा नोंदवून ते मालकाच्याच हाती देतं. म्हणून हरवलं म्हणण्याआधी, ते आपल्याकडे कधी आलं होतं का, हे आठवून पाहावं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं बोजा उतरवल्याचं पत्र अर्जाला जोडावं लागतं, नाहीतर नव्या प्रतीवरही जुना बोजा छापून येतो. कर्ज देणारी बँकच बुडाली असेल तर असं पत्र मिळवायला ‘एफडीआयसी’ ही ठेवविमा उतरवणारी केंद्रीय संस्था मदत करते.

काही वेळा कागद मुळात छापलेलाच नसतो. फ्लोरिडासारख्या राज्यांत टायटल इलेक्ट्रॉनिक नोंदीत राहतं, आणि कर्ज फिटल्यावरही मालकाने मागितल्याशिवाय कागद निघत नाही. कॅलिफोर्नियाने तर 2024 मध्ये सुमारे 4 कोटी 20 लाख टायटलं ब्लॉकचेनवर नेली. पण दुसऱ्या राज्याच्या काउंटरवर अजून बहुधा कागदच मागतात, तेव्हा निघण्यापूर्वी तो छापून घेतलेला बरा.

आणि गाडी आधीच्या मालकाच्या नावावर असतानाच टायटल हरवलं तर? प्रत मागायचा हक्क त्याचा, आपला नाही. तो सापडत नसेल तर टेक्ससमध्ये हमीवरचं टायटल घेता येतं. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा हमीबाँड घ्यायचा, आणि बाँडच्या मुदतीत कोणी हक्क सांगितला तर भरपाई त्यातून द्यायची. हा बाँड 3 वर्षांचा असतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असं वाटू शकतं. पुरात बुडालेल्या किंवा अपघातात निकाली निघालेल्या गाडीच्या टायटलवर तसा शिक्का बसतो. दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढून तो शिक्का धुऊन टाकायचा धंदा तिथे जुना आहे. 2005 च्या कतरीना वादळानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या दूरदूरच्या राज्यांत विकल्या गेल्या. 1992 च्या वाहनचोरीविरोधी कायद्याने राज्यांच्या नोंदी जोडणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी करायचं ठरवलं, ते असला धंदा रोखण्यासाठीच. नवं राज्य आपला व्हिन क्रमांक तिथे पडताळून पाहतं.

आपल्याकडचा न्यायही फार वेगळा नाही. पुण्याची गाडी बंगळुरूला नेली आणि आरसी हरवली, तर नमुना 26 वरचा अर्ज पुण्याच्याच आरटीओकडे करावा लागतो, आणि नमुना 28 वरचं ना-हरकत प्रमाणपत्रही तिथूनच निघतं. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवली की नवा क्रमांक घ्यावा लागतो. बदलीच्या नोकरीवाल्यांची ही कटकट वाचावी म्हणून 2021 मध्ये, राज्य बदललं तरी तोच क्रमांक चालणारी ‘बीएच’ मालिका आली. अमेरिकेत तसली सोय नाही.

व्हिसा संपला किंवा नोकरी गेली म्हणून भारतात परतणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द बघावा. कॅलिफोर्नियात नावांमध्ये ‘ऑर’ असेल तर एकाच्या सहीवर गाडी विकता येते. ‘अँड’ असेल किंवा नुसती तिरकी रेघ असेल, तर दोघांच्या सह्या लागतात. त्यातला एक जण मुंबईला पोहोचलेला असला, तर मग मुखत्यारपत्र आणि कुरियरची वारी सुरू होते. सही करताना खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई तर मुळीच लावायची नाही. तशाने टायटलच बाद ठरतं. आणि प्रत निघाल्यावर अस्सल कागद एखाद्या खोक्यात सापडला, तरी तो गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये. प्रत निघाली त्याच दिवशी तो रद्द झालेला असतो.