रंगखडूंतले चेहरे (भाग ६) : रोममध्ये बसलेला डेरीचा बिशप

रंगाची पूड डिंकात मळून केलेल्या कांड्या, कागदावर बोटाने एकजीव केलेल्या छटा आणि वर काच, ही पेस्टलची रीत आपण गेल्या आठवड्यात पाहिली. तेलरंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून काम झटपट होई आणि दामही कमी पडे. याच बळावर डब्लिनच्या क्रो स्ट्रीटवर केसांचे टोप करणाऱ्याचा मुलगा ह्यू डग्लस हॅमिल्टन लंडनच्या उमरावांमध्ये नावारूपाला आला आणि पुढे इटलीत गेला. तिथे त्याने आयर्लंडमधल्या डेरीचा बिशप फ्रेडरिक हार्वी पेस्टलमध्ये रंगवला. बिशप निवांत बसला आहे आणि मागे रोम शहर पसरलं आहे. हे चित्र आज इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या इकवर्थ या, पूर्वी हार्वी घराण्याच्या असलेल्या वाड्यात आहे.

डेरीचा धर्मगुरू रोममध्ये काय करतो? उत्तर त्याच्या घराण्यात आहे. फ्रेडरिक (१७३०–१८०३) धाकट्या मुलांपैकी. जहागीर थोरल्याची, धाकट्यांनी लष्कर किंवा चर्च धरायचं, हा तिथला रिवाज. थोरला भाऊ जॉर्ज १७६६ मध्ये आयर्लंडचा व्हाइसरॉय नेमला गेला. त्याने त्या भूमीवर पाऊलही ठेवलं नाही, पण १७६७ मध्ये भावाला क्लॉइनचं बिशपपद मात्र मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी डेरी मिळालं, आयर्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत धर्मप्रांतांपैकी एक. मधला भाऊ ऑगस्टस आरमारात होता. त्याने एलिझाबेथ चडली हिच्याशी गुपचूप लग्न केलं होतं. तो हयात असताना तिने एका ड्यूकशी दुसरं लग्न लावलं आणि १७७६ मध्ये तिच्यावर लॉर्ड्स सभागृहात खटला चालला. दोघेही भाऊ औरस वारसाविना गेले, आणि १७७९ मध्ये घराण्याची ब्रिस्टलची अर्लकी बिशपकडे आली.

माणूस उदार होता, हे मान्य करायलाच हवं. प्रॉटेस्टंट बिशप असून त्याने कॅथलिकांच्या हक्कांची बाजू घेतली; डाउनहिलच्या समुद्रकड्यावर १७८५ मध्ये बांधलेल्या आपल्या गोल ग्रंथालयात त्यांना मासची (कॅथलिक उपासनेची) मुभा दिली. पण १७९१ नंतर तो आयर्लंडला परतला नाही. डेरीच्या कुळांचा खंड मात्र इटलीत पोचत राहिला आणि त्यातून पुतळे, चित्रं खरेदी होत राहिली. फ्रेंच फौजांनी तो संग्रह जप्त केला आणि १७९८ मध्ये त्यालाच मिलानमध्ये कैदेत टाकलं. १८०३ मध्ये अल्बानोजवळ, एका शेतकऱ्याच्या पडवीत त्याचा अंत झाला.

माझ्या मते हॅमिल्टनची ही बिशपची छबी त्याच्या नंतरच्या तेलचित्रांहून सरस आहे. खडूच्या मऊपणामुळे त्या ऐटबाज माणसाला कुठेही कडकपणा येत नाही.

पुढच्या भागात हॅमिल्टनचंच आणखी एक पेस्टल : शिल्पकार कानोव्हाची रोममधली कार्यशाळा.