पोरीला नर्सिंगला घालताय? फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा



मे महिना उजाडला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्यांची रांग लागते. घराची शाकारणी, भाताचं बियाणं, होडीची डागडुजी आणि त्यातच पोरांच्या शाळा-कॉलेजची फी. अलीकडे आपल्या थळच्या गटांत आणखी एक मागणी ऐकू येते, "पोरीला नर्सिंगला घालायचंय." ऐकून बरं वाटतं. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते, म्हणून हा लेख.

आपल्यातल्याच एका ताईने गटातून कर्ज काढून मुलीला एक वर्षाच्या 'नर्सिंग डिप्लोमा'ला घातलं. दोन खोल्यांत वर्ग भरायचे आणि प्रॅक्टिकलला एक छोटा दवाखाना होता. वर्ष संपलं, सर्टिफिकेट मिळालं, घरी पेढे वाटले. पुढे सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसली तेव्हा त्यात एक रकाना आला, 'नोंदणी क्रमांक'. तिच्याकडे तो नव्हताच. आज ती एका खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते आणि आई सुकट विकून गटाचे हप्ते फेडते. पोरगी हुशार होती, कष्टाळूही होती. पण फी भरण्याआधी काय विचारायचं, हे तिला आणि आपल्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नोंदणी म्हणजे काय?

होडी कितीही मजबूत बांधली, तरी तिला सरकारी नंबर नसेल तर परवाना नाही आणि डिझेलची सवलत नाही. नर्सचंही तसंच आहे. सर्टिफिकेट कुणीही छापून देईल. पण कायद्याने नर्स म्हणून काम करायचं तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव लागावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. मान्यता असलेल्या संस्थेतून, मान्य असलेला कोर्स केला असेल तरच हे नाव लागतं. नाव लागलं की ते दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवायचं.

म्हणून पहिला प्रश्न हाच: "हा कोर्स झाल्यावर माझ्या मुलीचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये लागेल का?" उत्तर लेखी मागा. "बघू, होऊन जाईल" असं कुणी म्हणालं, तर उठून घरी या.

तीन रस्ते आहेत

पहिला रस्ता एएनएमचा. दोन वर्षांचा कोर्स, फक्त मुली आणि बायकांसाठी. बारावी पास पाहिजे, सायन्स नसलं तरी चालतं. वयाची अट १७ ते ३५. म्हणजे पोरीसाठीच नाही, तर बारावी झालेल्या आणि तिशीत असलेल्या आपल्या सदस्य ताईसाठीसुद्धा हा रस्ता उघडा आहे. आपल्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायकांची तपासणी करणाऱ्या आरोग्य सेविका हाच कोर्स करून आलेल्या असतात.

दुसरा रस्ता जीएनएमचा. तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय पास हवा आणि किमान ४० टक्के गुण हवेत. यातून पुढे हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होता येतं. सरकारी दवाखान्यात या पदाला अधिपरिचारिका म्हणतात. अनुभव आणि बढतीने पुढे परिसेविका, मग अधिसेविका, म्हणजे ज्यांना आपण मेट्रन म्हणतो. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

तिसरा रस्ता बी.एस्सी. नर्सिंगचा. ही विद्यापीठाची पदवी, चार वर्षांची, आठ सत्रांची. बारावी सायन्स पाहिजे, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. गणित नसलं तरी चालतं. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. आपल्या राज्यातली ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात. हे विद्यापीठ १९९८ पासून आहे. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. दरवर्षी कितीतरी मुली निकाल लागल्यावर चौकशीला निघतात आणि तोवर तारीख उलटलेली असते. म्हणून बारावीच्या वर्षात दिवाळी झाली की सीईटी सेलच्या वेबसाइटवर नजर ठेवा. आपल्या सीआरपी ताईंना सांगितलंत तर त्याही मोबाइलवर पाहून देतील.

एक दार बंद झालं म्हणजे सगळी बंद नाहीत

दहावीनंतर मुलीने आर्ट्स घेतलं तर बी.एस्सी. नर्सिंगचं दार तिच्यासाठी बंद होतं. म्हणून ज्या मुलीला नर्स व्हायचंय, तिला जमत असेल तर सायन्सच घेऊ द्या. पण आर्ट्स झालेलीने कपाळाला हात लावायचं कारण नाही. ती जीएनएम करू शकते. जीएनएम झाल्यावर आणि नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं आणि तीही पदवीधर होते. एएनएम झालेली ताई पुढे जीएनएम करू शकते. वाट लांबची आहे, पण पोचते.

बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलींना आता आणखी एक काम मिळतं. उपकेंद्राच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, ज्यांना आपण सीएचओ म्हणून ओळखतो. रक्तदाब, मधुमेहाची तपासणी, औषधं, सल्ला हे काम त्या बघतात. सपाट भागात पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असं सरकारचं माप आहे. म्हणजे आपल्यासारख्या गावात राहूनही हे काम करता येतं.

इंजेक्शनची भीती वाटते तिचं काय?

आरोग्याचं काम म्हणजे फक्त नर्सिंग नाही. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा औषधनिर्माणशास्त्राचा डिप्लोमा म्हणजे डी.फार्म. आहे. त्यावर फार्मसी कौन्सिलची नोंदणी मिळाली की मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट म्हणून काम करता येतं. रक्त-लघवी तपासणारी लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस यांसाठी परावैद्यकीय कोर्स आहेत. इथेही मान्यता नसलेल्या संस्था भरपूर आहेत, तेव्हा प्रश्न तोच विचारायचा: हा कोर्स कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, आणि नोंदणी कुठे होणार?

ज्या मुलीला लोकांशी बोलायला, त्यांची अडचण समजून घ्यायला आवडतं, तिच्यासाठी समाजकार्य हे शिक्षण आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते. तीन वर्षांची बी.एस.डब्ल्यू. आणि पुढे दोन वर्षांची एम.एस.डब्ल्यू. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते. निर्मला निकेतन हे कॉलेजही मुंबईतच आहे आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात. गरीब पेशंटला योजनेतून मदत मिळवून देणं, घाबरलेल्या नातेवाइकांना धीर देणं, बेवारस पेशंटची सोय लावणं हे त्यांचं काम. आपल्या बचत गटांच्या कामातसुद्धा असं शिकलेल्या मुली येतात.

पैशाचं गणित, आपल्या गावच्या हिशोबाने

आपल्याकडे एक अडचण आहे ती शहरातल्यांना कळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि नेमकी त्याच दिवसांत प्रवेशाची फी भरायची वेळ येते. हातात पैसा नसताना घाईने घेतलेलं कर्ज महाग पडतं. म्हणून ज्या घरात मुलगी दहावी-बारावीला आहे, त्या ताईने दिवाळीपासूनच गटात जादा बचत सुरू करावी.

दुसरं, सवलत माहीत करून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ओबीसीत भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गही धरलेत. आपल्याकडची आगरी, कोळी, माळी घरं बहुतेक यांतच येतात, तरी आपल्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बघा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. "थेट प्रवेश देतो, सीईटीची कटकट नको" असं कुणी म्हणालं, तर त्या कटकटीबरोबर फीमाफीही जाते हे लक्षात ठेवा. तुमच्या मुलीच्या कोर्सला माफी लागू आहे का, हे प्रवेशाआधीच कॉलेजला विचारा. हॉस्टेल, जेवण, युनिफॉर्म, पुस्तकं यांचा खर्च मात्र आपल्यालाच करावा लागतो.

तिसरं, कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर. यातल्या जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अकरावीतच अर्ज करून टाका. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील आणि सेतू केंद्रात किती गर्दी असते ते आपण जाणतोच.

चौथं, बँक. मान्यता असलेल्या कोर्सला बँका शैक्षणिक कर्ज देतात. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. गटाचं कर्ज मात्र पुढच्याच महिन्यापासून फेडायचं असतं. म्हणून मोठी रक्कम बँकेकडून आणि युनिफॉर्म, प्रवास, पहिल्या महिन्याचं हॉस्टेल असा सुटा खर्च गटातून, असं केलंत तर ओझं पेलेल.

फी भरण्याआधी हे विचारा

१. कोर्सचं पूर्ण नाव काय आणि किती वर्षांचा? एएनएम दोन, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात 'नर्स' करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

२. परीक्षा कोण घेतं? विद्यापीठ, मंडळ, की संस्था स्वतःच?

३. मान्यतेचं पत्र यंदाच्या वर्षाचं आहे का? ते दाखवा. कौन्सिलच्या यादीत संस्थेचं नाव आहे का, हे आपणही पडताळून बघा.

४. मुली प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात करतात, तिथे किती खाटा आहेत? एकदा जाऊन डोळ्यांनी बघा. तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोला.

५. पूर्ण कोर्सचा सगळा खर्च लेखी द्या. प्रत्येक भरण्याची पावती घ्या. मूळ गुणपत्रिका देण्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा.

चौकशी कुठे करायची? अलिबागचं जिल्हा रुग्णालय आपल्याला जवळचं आहे आणि २०२१ पासून अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. तिथल्या सिस्टरांना भेटा, त्या कुठे शिकल्या ते विचारा. मांडव्याहून समुद्रापलीकडे मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या आवारात सरकारी नर्सिंग कॉलेज आहे, तर केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांना जोडून नर्सिंगच्या शाळा आहेत. सरकारी जागा कमी असतात, गुण जास्त लागतात, पण अर्ज तरी भरलाच पाहिजे.

लोक काय म्हणतील?

रात्रपाळी असते, परक्या माणसांची सेवा करावी लागते, लग्नाला अडचण येईल, असं आपल्याकडेही बोललं जातं. हे बोलणं आजचं नाही. नर्सिंगच्या पुस्तकांत नोंद आहे की १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणाला आल्या, आणि हे शिक्षण घ्यायला आलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं आणि विधवा, गरजू बायकांना नर्सिंग शिकायला पुढे आणलं. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली. पण त्याच समाजाला पुढे बाळंतपणाला शिकलेली नर्स हवी झाली. आपलं पहिलं बाळ ज्या सिस्टरच्या हातात आलं, तिची आठवण आपल्यातल्या कितीजणी काढतात!

काम सोपं नाही हेही मुलीला खरं खरं सांगा. उभं राहून पाय सुजतात, सणाला सुट्टी मिळत नाही, पेशंट दगावला तर रात्री झोप येत नाही. पुस्तकं इंग्रजीत असतात. मराठी शाळेतल्या मुली पहिले सहा महिने रडकुंडीला येतात, मग सरावतात. आणि पेशंटशी त्याच्याच बोलीत बोलता येणं, हे आपल्या मुलींचं बळ आहे. थळच्या आजीला काय दुखतंय ते थळच्या पोरीलाच लवकर कळेल.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटात दहावी ते बारावीत कुणाच्या मुली आहेत त्यांची नावं लिहून काढा आणि वरचे पाच प्रश्न बैठकीत वाचून दाखवा. असा ठरावही घ्या की शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर मान्यतेचं पत्र बघूनच ते मंजूर करायचं. कर्ज नाकारण्यासाठी हा ठराव नाही, पोरीची वर्षं आणि आईचे हप्ते वाया जाऊ नयेत यासाठी आहे. आणि ज्या ताईची बारावी झालीय, वय पस्तिशीच्या आत आहे आणि मनात अजून शिकायचं आहे, तिने आपलंही नाव त्या यादीत घालावं.