रजिस्टरात न आलेली चारशे बाळं

४१५ आणि २०. गडचिरोलीतल्या नवजात बाळांचा हिशोब या दोन आकड्यांपासून सुरू करावा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवलं. त्यातल्या ५४.४ टक्के, म्हणजे सुमारे ४१५ बाळांना उपचारांची गरज होती. मिळाले २.६ टक्क्यांना, म्हणजे जेमतेम २० जणांना. ४० बाळं दगावली.

चंद्रपुरातल्या बालरोगतज्ज्ञाच्या हिशोबात केसपेपर, फेरतपासण्या, लसी, जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार असं सगळं सापडतं. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीतून जी बाळं आलीच नाहीत, ती मात्र कुठल्याच रकान्यात नसतात. बिल फाटतं ते दारात आलेल्या पेशंटचं.

आजाराला नाव कोण देणार?

बिलाला आजाराचा कोड लागतो. आयसीडी-१० मध्ये न्यूमोनिया ‘जे १८’, तर नवजाताचा जंतुसंसर्ग ‘पी ३६’. आई मात्र न्यूमोनियाला सांगते, “पोराला डब्बा झाला.” या दोन भाषांमधलं अंतर बंग दाम्पत्याने साध्या साधनांनी कापलं. न्यूमोनिया ओळखायला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठे आकडे न मोजता येणाऱ्या दाईलाही ते जमलं. जंतुसंसर्गासाठी लक्षणांची यादी: रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय ढिले पडले. ठरलेल्यांपैकी दोन लक्षणं दिसली की गावातल्याच आरोग्यदूताने उपचार सुरू करायचे, जेंटामायसिनच्या इंजेक्शनसकट.

जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरातली निव्वळ घट ६२ टक्के होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर. १८ बाळांच्या देखभालीमागे एक मृत्यू टळला, म्हणजे एका जिवामागे साधारण ९५ डॉलर.

एका भेटीचा दर

२०११ मध्ये ही पद्धत गावोगावच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांमार्फत देशभर गेली आणि तिला दर लागला: २५० रुपये. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा घरभेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. भागाकार केला की भेटीला ४२ किंवा ३६ रुपयेही पुरते होत नाहीत. त्यात वजन, ताप आणि बाळ अंगावर नीट पितं की नाही, हे सगळं पाहायचं.

पैसे मिळण्याच्या अटीही त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत होत्या. कार्डावर वजनाची नोंद, जन्मनोंदणी, लसी आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप. शेवटची अट बोचते. डॉक्टरची फी पेशंट वाचला तरच द्यायची, असं कुणी म्हणत नाही. शिवाय कमी वजनाचं, दूरच्या पाड्यावरचं बाळ दगावण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि पायपीटही तिथेच जास्त. म्हणजे जिथे जोखीम मोठी, तिथेच मेहनताना बुडण्याची शक्यता मोठी.

उपाय हिशोबाचाच आहे: एकगठ्ठा रकमेऐवजी भेटीगणिक पैसे, अंतराप्रमाणे वाढता दर, आणि बाळ वाचो न वाचो, झालेल्या भेटीचे पैसे चुकते. ४१५ आणि २० मधली दरी दारापर्यंत चालत जाणाऱ्या पायांनी भरली होती. बिल त्या पायांचं व्हायला हवं.