ट्रॅक्टर सुरू होत नाही? क्रमाने तपासा

लोणार तालुक्यात सोयाबीन निघाले की हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. कोरडवाहू शेतात जमिनीतील ओल हेच भांडवल, आणि ते रोज कमी होत जाते. अशा वेळी सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर मिस्त्रीची वाट पाहण्यात दिवस जातो किंवा सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. क्रमाने तपासणी केल्यास बरेच दोष शेतकऱ्यास स्वतः शोधता येतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा जोराने दाबली जाऊन ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते व त्यात फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणून इंजिनाचे वेगाने फिरणे, स्वच्छ हवा व डिझेल या तीन गोष्टी पाहाव्यात.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये व पी.टी.ओ. बंद असल्याची खात्री करावी. ब्रेक लावून क्लच पूर्ण दाबावा. टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का आणि इंजिन बंद करण्याची कळ आत ढकललेली आहे का, हे पाहावे.

१) सेल्फ फिरत नाही किंवा मंद फिरतो

दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाल्यास बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतात. टर्मिनलवरील पांढरट-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, मात्र हे पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. वायर काढताना ऋण टोक आधी काढावे व जोडताना शेवटी जोडावे. पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरीजवळ बिडी किंवा काडी पेटवू नये.

२) सेल्फ जोमात फिरतो, पण धूर निघत नाही

डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. फिल्टरमधील पाणी व गाळ काढावा, गरजेनुसार फिल्टर बदलावा. टाकी रिकामी झाली असल्यास नळीत हवा धरते. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करावा. कॉमन रेल असलेल्या नव्या ट्रॅक्टरचे उच्च दाबाचे पाइप मात्र सैल करू नयेत. त्यातील डिझेलची धार कातडीत शिरते.

३) धूर निघतो, पण इंजिन धरत नाही

मळणीच्या भुसकटाने एअर क्लीनर तुंबला असेल तर तो साफ करावा. तेलाचा असल्यास तेल बदलावे. तरीही पांढरा धूर येत राहिल्यास डिझेलमध्ये पाणी असेल किंवा नोझल, व्हॉल्व्ह अथवा रिंग झिजलेल्या असतील. हे काम मिस्त्रीचे आहे.

हे करू नये

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. जमिनीवर उभे राहून पेचकस लावून सेल्फ कधीही जोडू नये. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर जागीच झेप घेतो आणि चाक माणसाच्या अंगावरून जाते. पेरणीचा एक दिवस वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

रोज संध्याकाळी टाकी गाळलेल्या डिझेलने भरून ठेवावी. टाकीत पाणी धरत नाही व सकाळी ट्रॅक्टर अडत नाही.