विश्लेषण : पाचट शेतात ठेवले, तरी खोडवा पिवळा का पडतो?

गळीत हंगाम सुरू झाला की श्रीरामपूर, राहुरी, राहाता पट्ट्यात संध्याकाळी कुठे ना कुठे धूर दिसतोच. तोड झालेल्या उसाच्या फडातले पाचट पेटवलेले असते. पाचट जाळू नका, असे कृषी विभाग, साखर कारखाने आणि कृषी विद्यापीठ अनेक वर्षे सांगत आले आहेत. तरीही काडी लागते. याचे कारण दरवेळी आळस किंवा अज्ञान असते असे नाही. अनेकांनी एखादे वर्ष पाचट ठेवून पाहिलेले असते. त्या वर्षी खोडवा पिवळा पडला, फुटवे कमी आले आणि शेजारचा पाचट जाळलेला प्लॉट मात्र हिरवागार उभा राहिला. मग पुढच्या वर्षी पाचट ठेवण्याची हिंमत होत नाही. शेतकऱ्याने जे पाहिले ते खरेच असते. त्याचा अर्थ काय, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पाचटात नत्र असते की नसते?

असते. एक हेक्टर उसातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब आणि पाऊण ते एक टक्का पालाश असतो. म्हणजे 10 टन पाचटात 50 किलोच्या आसपास नत्र पडून असते. युरियात 46 टक्के नत्र धरले, तर हे 45 किलोच्या जवळपास अडीच गोण्यांइतके झाले. पाचट पेटवले की यातले बहुतेक नत्र धुराबरोबर हवेत जाते. पालाश राखेत बराचसा उरतो, पण राख वाऱ्याने उडते आणि पाटपाण्याने वाहून जाते. कर्ब तर जवळजवळ सगळाच जातो.

इथपर्यंतचा हिशेब पाचट ठेवण्याच्या बाजूने आहे. घोटाळा पुढे होतो. हे 50 किलो नत्र गोणीतल्या नत्रासारखे लगेच मिळत नाही. उलट सुरुवातीचे काही आठवडे पाचटच जमिनीतले नत्र ओढून घेते.

पाचट नत्र ‘खाते’ म्हणजे नेमके काय होते?

पाचट कुजवतात ते जमिनीतले जिवाणू आणि बुरशी. त्यांना उर्जेसाठी कर्ब लागतो आणि स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागते. त्यांच्या शरीरात दर 8 भाग कर्बामागे साधारण 1 भाग नत्र असते. खाल्लेल्या कर्बापैकी बराचसा ते श्वसनात खर्च करतात, त्यामुळे अन्नात 25 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असले तर त्यांचे भागते. शेणखत चांगले कुजलेले असले की ते याच्या आतच असते. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यापूर्वी गाडला, तरी तो या आकड्याच्या जवळपास असतो. म्हणूनच हिरवळीचे खत पिकाला लवकर लागू पडते.

पाचटाचे गुणोत्तर मात्र 64 ते 80 भाग कर्बामागे 1 भाग नत्र एवढे असते. गव्हाचे काड, मक्याची धाटे, कपाशीच्या पऱ्हाट्या याच घरातल्या. जिवाणूंपुढे ताट भरलेले असते, पण त्यात नत्र नसते. मग ते मातीत मोकळे असलेले अमोनियम आणि नायट्रेट उचलतात. नेमके तेच पिकाच्या मुळांनाही हवे असते. जिवाणू संख्येने अफाट आणि मातीच्या कणाकणाशी चिकटलेले असल्याने या शर्यतीत मुळे मागे पडतात. नत्र शेतातून गेलेले नसते, ते जिवाणूंच्या शरीरात अडकलेले असते. शास्त्रज्ञ याला नत्राचे स्थिरीकरण म्हणतात. हवेतले नत्र डाळवर्गीय पिकांच्या गाठीत बांधले जाते त्यालाही मराठीत स्थिरीकरणच म्हणतात, आणि त्यामुळे गोंधळ होतो. पहिल्यात पिकाचे नत्र अडते, दुसऱ्यात जमिनीत नव्याने येते.

पाचटातला सोपा कर्ब संपला की जिवाणू उपाशी पडून मरू लागतात आणि अडकलेले नत्र हळूहळू मोकळे होते. पण खोडव्याची सगळी फुटव्यांची लढाई पहिल्या दोन-अडीच महिन्यांत असते. नत्र परत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

80 किलो युरियाची शिफारस कशासाठी?

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली स्थापन झाले. ऊस संशोधनाचे त्याचे जुने केंद्र फलटणजवळ पाडेगावला आहे आणि ते 1932 पासूनचे. पाचट शेतातच कुजवण्याची इथली शिफारस अशी : हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक. एकरी म्हटले तर 32 किलो युरिया, 40 किलो सुपर आणि 4 किलो संवर्धक.

हा युरिया उसासाठी नसून जिवाणूंसाठी आहे, हे बांधावर पोहोचतच नाही. बरेच जण तो खोडव्याच्या खतातून वजा करतात आणि तिथेच गणित बिघडते. 80 किलो युरियातून सुमारे 37 किलो नत्र मिळते. 10 टन पाचटातल्या 50 किलोत ते मिळवले की 87 होते. पाचटात 4000 किलो कर्ब धरला, तर गुणोत्तर 80 वरून 46 वर येते. 25 वर आणायचे म्हटले तर एकूण 160 किलो नत्र लागेल, म्हणजे पाच गोण्यांहून अधिक युरिया. तेवढा टाकायची गरज पडत नाही, कारण सगळे पाचट एकदम कुजत नाही. सरीत पसरलेल्या थराचा फक्त तळ मातीला टेकलेला असतो. कुजणे तिथून सुरू होते आणि वर सरकते, त्यामुळे नत्राची मागणीही महिन्यांवर पसरते.

यावरूनच आणखी एक गोष्ट कळते. तेच पाचट रोटाव्हेटरने मातीत मिसळले, तर प्रत्येक तुकडा मातीला लागतो, कुजणे वेगात होते आणि नत्राची ओढ एकदम बसते. खोडवा मोडून लगेच गहू किंवा कांदा करणाऱ्यांना हा फटका जास्त जाणवतो. पाचट गाडायचेच असेल, तर पुढच्या पिकाआधी दीड-दोन महिने आणि ओल हवी. सरीत आच्छादन म्हणून ठेवणे त्या मानाने सौम्य. त्यात पाणी वाचते आणि तणही कमी येते.

युरिया टाकूनही पिवळेपणा का?

कारण बहुधा तो पाचटावर फेकलेला असतो. प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रातल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू बहुतेक ठिकाणी 8 च्या आसपास किंवा वर. अशा जमिनीत उघड्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. कुजणाऱ्या पाचटात युरिया फोडणारे विकर भरपूर असते, त्यामुळे पाचटावर पडलेला युरिया नुसत्या मातीवर पडलेल्यापेक्षाही लवकर फुटतो. वर ओल जेमतेम दवापुरती असली की नुकसान सर्वांत जास्त. युरिया तर विरघळतो, पण खाली जात नाही.

म्हणून कुजवण्यासाठीचा युरिया पसरला की लगेच पाणी द्यावे लागते. पिकाचे खत मात्र पाचटावर देऊच नये. खोडव्याला पहारीने खत देण्याची शिफारस याच कारणाने आली. बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, चार ते सहा इंच खोल, फूटभर अंतराने पहारीची छिद्रे घ्यायची, खत टाकून ती बुजवायची. पहिली मात्रा तोडणीनंतर 15 दिवसांत, दुसरी सुमारे 135 दिवसांनी. खत पाचटाच्या थराखाली जाते, जिवाणूंच्या तोंडून वाचते आणि उडतही नाही. अडचण मजुरीची आहे. एकरभर पहार मारायला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. कागदावर उत्तम असलेली ही पद्धत अनेक ठिकाणी मागे पडते ती इथेच.

मग फायदा दिसतो कधी?

पहिल्या खोडव्यात नत्राच्या बाबतीत तो जवळपास दिसत नाही. दिसतो तो पाण्यात आणि तणात. पाचटातल्या नत्राचा थोडाच वाटा लगेचच्या पिकाला मिळतो, बाकीचा मातीच्या सेंद्रिय भागात जमा होतो. दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोम्ब येथे 1939 पासून एक प्रयोग सुरू आहे. त्यात काही वाफ्यांत पाचट जाळतात, काहींत तसेच ठेवतात. अनेक दशकांनंतर पाचट ठेवलेल्या वाफ्यांच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब आणि एकूण नत्र जाळलेल्या वाफ्यांपेक्षा जास्त आढळले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये 1980 च्या दशकापासून हिरवा ऊस तोडून पाचट पसरण्याची पद्धत रुजली. तिथेही खताची मात्रा लगेच कमी करता येत नाही, असाच अनुभव आहे.

त्यामुळे ‘पाचट ठेवा आणि युरिया वाचवा’ हा सल्ला पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी दिशाभूल करणारा ठरतो. त्या काळात उलट थोडा जास्त लागतो. माती परीक्षणातही हे लक्षात ठेवावे लागते. मृद आरोग्य पत्रिकेत उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोखाली असले की ‘कमी’ अशी नोंद येते. पाचट कुजत असताना नमुना घेतला, तर मोकळे नायट्रेट कमीच असते. नमुना नेहमी ठरावीक टप्प्यावर, पीक निघाल्यावर आणि खतापूर्वी घेतला, तर दोन वर्षांची तुलना करता येते. सेंद्रिय कर्बाचा आकडा सावकाश हलतो, पण या बाबतीत जास्त विश्वासाचा तोच.

अडते कुठे?

पाण्यापाशी. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला. विहीर किंवा बोअर नसलेला शेतकरी आजही आवर्तनाच्या तारखेला बांधलेला आहे. तोडणीची तारीख त्याच्या हातात नसते, ती टोळी आणि कारखान्याच्या प्रोग्रॅमवर ठरते. तोड झाली, बुडखे छाटले, पाचट सरीत ओढले, युरिया पसरला आणि आवर्तन तीन आठवडे लांबले, तर त्या युरियाचा मोठा भाग उडालेला असतो आणि पाचट जसेच्या तसे कोरडे पडून राहते. अशा वेळी युरिया आणि संवर्धक घरातच ठेवून, पाणी सुटेल त्या दिवशी सकाळी पसरून, मागोमाग सरीत पाणी घेणे एवढेच त्याच्या हातात उरते.