बीळ एकाचे, बिऱ्हाडे चार

शेतकरी बंधूंनो, बांधाला उंदराचे बीळ दिसले की आपला हात आधी औषधाच्या पुडीकडे जातो. त्यात चूक काय? पीक आपले, कष्ट आपले. पण त्या बिळात एकटा उंदीरच राहतो असे थोडेच आहे! कधी बेडूक, कधी विंचू, तर कधी उंदरावर टपलेली धामणच तिथे मुक्काम ठोकते. समुद्राच्या चिखलातही हाच प्रकार चालतो. त्यापायी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर जी वेळ आली, ती ऐकण्यासारखी आहे.

हे शेतकरी भात-ज्वारीचे नव्हेत, कालवांचे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला वॉशिंग्टन राज्यात विलापा नावाचा उपसागर आहे. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो. त्यावर हे लोक कालवांचे बी टाकतात आणि काही वर्षांनी तयार कालवे काढतात. त्याच चिखलात बिळे करणाऱ्या दोन जातींच्या कोळंब्या राहतात. एक चिखल कोळंबी, दुसरी भूत कोळंबी. बोटाएवढा जीव, पण खणतो दोन-दोन फूट. भूत कोळंबी तर पोटासाठी सारखी माती खालीवर करते. आपल्याला भुसभुशीत जमीन हवी असते, कालवाला ती घातक. ते आपल्याच वजनाने रुतते आणि गाळात गुदमरून मरते.

आता बिळातली बिऱ्हाडे पाहा. आपल्या निवट्यांच्या गोतातला एक बोटभर मासा ओहोटीला पाणी हटले की या बिळात शिरतो. उन्हापासून आणि पक्ष्यांच्या चोचीपासून जीव वाचतो. वाटाण्याएवढा खेकडा बिळातून वाहणाऱ्या पाण्यातले कण टिपून पोट भरतो. अंगावर खवले असलेला एक किडाही तिथेच नांदतो. एका शिंपल्याची पाणी ओढायची नळी अगदी आखूड असते. तो चिखलात खोल राहतो आणि नळी कोळंबीच्या बिळात सोडतो. म्हणजे शेजाऱ्याच्या पाटावर आपले पाणी! आणखी एक इवला शिंपला तर चिखल कोळंबीच्या पोटाखालीच चिकटून राहतो. हे भाडेकरू कोळंबीला फारसा त्रास देत नाहीत. घरमालकीण मात्र जगली पाहिजे, कारण बीळ उघडे ठेवणारी, त्यात पाणी खेळवणारी तीच.

कालववाल्यांचे नुकसान खोटे नव्हते. म्हणून १९६३ पासून सरकारी परवान्याने ओहोटीच्या वेळी चिखलावर कार्बारिल फवारू लागले, हेलिकॉप्टरनेसुद्धा. हे औषध आपल्या जुन्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे. भारतात त्यावर २०१८ साली बंदी आली. तिकडे कोळंब्या मेल्या, पण त्याबरोबर खेकड्यांची पिल्लेही मेली. खेकडे धरून पोट भरणारे लोक चिडले. वाद कोर्टापर्यंत गेला आणि सुमारे पन्नास वर्षांनी ही फवारणी थांबली. मग आपण मावा-तुडतुड्यांसाठी वापरतो ते इमिडाक्लोप्रिड पुढे आले. २०१५ साली त्याला परवाना मिळाला, पण गिऱ्हाइकांनीच ओरड केली आणि तो मागे घेतला गेला. पुन्हा अर्ज झाला, तो राज्य सरकारने २०१८ साली फेटाळला.

खरी गंमत पुढेच आहे, बरे का! १९८० च्या दशकात आशियाच्या किनाऱ्यावरचा एक परजीवी किडा त्या भागात पोचला. तो चिखल कोळंबीच्या कल्ल्यांपाशी बसून रक्त शोषतो. मादी जिवंत राहते, पण तिला पिल्ले होत नाहीत. भाडेकरू आणि बांडगूळ यांत फरक असतो तो हाच. बघता बघता अनेक खाड्यांतून चिखल कोळंबी दिसेनाशी झाली. तिची बिळे गेली, तसा तिच्या पोटाखालच्या शिंपल्याचा आसराही गेला. भूत कोळंबी मात्र अजून माती उकरतेच आहे. म्हणजे जिचा जास्त त्रास ती राहिली, आणि दुसरी कुणी न फवारताच गेली!

आता तिथले काही शेतकरी कालवे चिखलावर न टाकता दोरांवर किंवा पिशव्यांत, जमिनीपासून उचलून वाढवतात. खर्च आणि मेहनत वाढते, पण कालव रुतत नाही.

मंडळी, फवारू नका असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. कर्ज कुणाच्या डोक्यावर असते ते आम्हालाही ठाऊक आहे. पण पंप पाठीवर घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: या बिळात आणखी कोण राहते, आणि इथून वाहिलेले औषध कुणाच्या विहिरीत, कुणाच्या ताटात जाते? सरपंच आणि ग्रामसेवकांनी हाच प्रश्न ग्रामसभेत मांडला तर बरे. बांध एकट्याचा असला, तरी ओढा सगळ्या गावाचा असतो.